पायाचं पोट

गणेशोत्सवातली बायकांची धावण्याची शर्यत. वय बावन्न, अंगावर साडी, आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीचा मान राखायचा होता. चौथ्या-पाचव्या पावलाला उजव्या पोटरीत 'टक्' झालं. कुणी दगड मारला म्हणून मागे वळून पाहिलं, तर मागे कुणीच नाही. मीच शेवटची होते.

डॉक्टर हसले. पोटरीचा स्नायू फाटला की माणूस आधी मागेच बघतो म्हणे. पंचवीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं, पण पोटरी खरी कळली ती त्या लंगडण्यात.

वरून दिसतो तो उभार गॅस्ट्रोक्नेमियसचा. ग्रीकमध्ये गास्तेर म्हणजे पोट. आपल्या पोटरीतही पोटच आहे. ओंबी बाहेर पडण्याआधी गहू फुगतो, तेव्हा तो 'पोटरीवर आला' असं आई म्हणायची. हा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून दोन मुळांनी निघतो. आतल्या बाजूचं मूळ मोठं, आणि फाटतं तेही बहुधा तेच. धावण्याचा, उडीचा जोर त्याचा, दमतोही लवकर.

त्याच्याखाली चपटा सोलियस. हा गुडघ्याच्या वर जातच नाही. सराफ्यात रात्री भुट्ट्याच्या किसाची प्लेट घेऊन आपण तासभर उभे असतो आणि पुढे कलंडत नाही, ते याच्या जिवावर. कौतुक मात्र वरच्याचं! दोघे खाली एक होऊन अकिलिस कंडरेनं टाचेच्या हाडाला जोडले जातात.

भिंतीला हात टेकून एक पाय मागे न्या, टाच जमिनीवरच. गुडघा ताठ असेल तर ताण वर, उभारात लागतो. तोच गुडघा जरा वाकवा. ताण खाली टाचेकडे उतरतो. तो सोलियस. रात्री वांब आला तर पायाची बोटं नाकाकडे ओढायची, गोळा सुटतो.

पोटरी आवळली की आतल्या शिरा पिळल्या जाऊन रक्त वर हृदयाकडे चढतं. शिरांमधल्या झडपा ते खाली फिरू देत नाहीत. म्हणून पुण्याला लेकीकडे रात्रीच्या बसनं जाताना मी बसल्या जागी टाचा वर-खाली करत असते. शेजारचे बघतात. बघोत.

लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, हाताला गरम लागली, तर तेल चोळत बसू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.