चारशे फुटांच्या आतली टक्कर

21 सप्टेंबर 2017 ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर साधारण 300 फुटांवरून चाललं होतं. एका हौशी माणसाचा फँटम 4 ड्रोन त्याला धडकला. पात्याला दीड इंचाचा पोचा पडला, पण हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. ड्रोनची मोटर आणि तुटलेली दांडी त्यातच सापडली. त्या धाग्यावरून तपास अधिकारी मालकापर्यंत पोचले, तेव्हा कुठे त्याला कळलं, की आपला ड्रोन बिघडून पाण्यात पडला नव्हता!

मॉडेल विमानांसाठी 400 फुटांची मर्यादा अमेरिकेत 1981 मध्ये आली, तीही सल्ला म्हणून. आता ती ड्रोनसाठीही कायद्यात आहे. पण ही टक्कर मर्यादेच्या आतच झाली. खरी चूक वेगळीच होती: ड्रोन अडीच मैलांवर, चालकाच्या नजरेआड होता. शिवाय तिथे तात्पुरती उड्डाणबंदी होती, याचा त्याला पत्ताच नव्हता.

भारतात 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात (जिथे आधी परवानगी लागत नाही) 400 फूट, तर विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट मुभा आहे. तेव्हा उडवण्याआधी सरकारी नकाशा जरूर पाहा.