कोर्लईचा ख्रिस्ती समाज

कोर्लईचा ख्रिस्ती समाज : रायगड जिल्ह्याच्या (महाराष्ट्र) मुरुड तालुक्यात, कुंडलिका नदीच्या मुखाजवळील कोर्लई गावात राहणारा एक लहान रोमन कॅथलिक समाज. पोर्तुगीज भाषेपासून बनलेली क्रिओल म्हणजे संमिश्र बोली ही त्याची मातृभाषा होय. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास असून ते तिला ‘नो लिंग’ (आपली भाषा) म्हणतात.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये नदीच्या उत्तर तीरावर, चौलनजीक आजच्या रेवदंडा येथे किल्ला बांधण्यास प्रारंभ केला आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकून घेतला. या ठाण्यांतील शिबंदी आणि तिच्या सेवेतील धर्मांतरित स्थानिक लोक यांच्या व्यवहारातून ही बोली घडली. त्यामुळे या समाजास सरसकट पोर्तुगीजांचे वंशज म्हणण्याची रूढी बरोबर नाही. १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांकडे आला व पोर्तुगीज सत्ता गेली. शेती-मजुरी करणारी गरीब कुटुंबे मात्र मागे राहिली.

राजाश्रय संपल्यावरही बोली टिकली, याचे श्रेय बऱ्याच अंशी या समाजाच्या एकाकीपणास द्यावे लागते. धर्मामुळे तो शेजारच्या हिंदू व मुसलमान वस्तीपासून वेगळा राहिला, विवाहसंबंध आपसांतच होत आणि रेवदंड्याशी दळणवळण होडीनेच चाले. माउंट कार्मेल मातेचे चर्च हे समाजजीवनाचे केंद्र असून तेथील उपासनेत पोर्तुगीज भाषा विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू होती.

तथापि बोली मराठीपासून अलिप्त राहिली नाही. शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज असला, तरी शब्दांच्या अखेरचे स्वर बहुधा गळाले आहेत (उदा., ‘लिंग्वा’चे ‘लिंग’). पोर्तुगीज वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येते. येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊ लागले. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांचा तर ‘उ’कारान्त असा स्वतंत्र गणच तयार झाला. पोर्तुगीज साचा मोडला नाही, त्यात मराठीसाठी एक जागा करण्यात आली, हे अभ्यासकांस विशेष उद्‌बोधक वाटते. अमेरिकन भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा या बोलीवरील विस्तृत ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

भातशेती व मोलमजुरी हे समाजाचे परंपरागत व्यवसाय. गावातील मासेमारी मुख्यत्वे कोळ्यांकडे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चच्या उपासनेत मराठी आली. शाळा मराठीच होती. १९८० नंतरच्या दशकात रेवदंडा व साळाव यांना जोडणारा पूल झाला आणि शिक्षण व नोकरी यांसाठी बाहेर पडणे सुकर झाले. अनेक कुटुंबांना यामुळे दारिद्र्यातून वर येण्याची वाट मिळाली. म्हणून जुन्या एकाकीपणाबद्दल हळहळ बाहेरच्या अभ्यासकांनाच अधिक वाटावी, हे स्वाभाविक आहे. बोलीला लेखनपरंपरा नसल्याने ती मुलांपर्यंत केवळ घरातील बोलण्यातूनच पोहोचते, आणि घरातील एक व्यक्ती जरी ती न जाणणारी असली, तरी संभाषण मराठीकडे वळते.