ग्राहकांआधी वेबसाइटवर येतात 'वर्म'! त्यांना गुपचूप बाहेर कसं काढायचं?

सोलापूर : चादर, टॉवेलच्या ऑर्डरी आता वेबसाइटवरूनही येतात. समजा, एखाद्या कारखानदाराने आपल्या सर्व्हरची लॉग फाइल उघडली, तर काय दिसेल? साइट वर्डप्रेसवर नसतानाही कोणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय. कोणी पासवर्डची फाइल शोधतंय, तर कोणी चक्क घरगुती राउटरचं सेटिंग! ही माणसं नाहीत. हे आहेत वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारे घातक प्रोग्रॅम, आणि त्यांच्यासारखेच बॉट.

'आमची साइट छोटी, आमच्याकडे कोण येणार?' हा समज इथेच फसतो. वर्म नाव बघून येत नाही, आयपी पत्ते चाळत येतो. आयपीव्ही-४ चे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. 'झेडमॅप' या टूलने २०१३ मध्ये एका संगणकावरून ते ४५ मिनिटांत तपासता येतात, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

हा त्रास जुना आहे. १९ जुलै २००१ रोजी 'कोड रेड' वर्मने १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक गाठले. त्रुटी मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये होती आणि तिचा पॅच महिनाभर आधीच आला होता. अपाचे सर्व्हरला धोका नव्हता, तरी त्यांचेही लॉग या रिक्वेस्टनी भरून गेले.

उत्तरच देऊ नका

नसलेलं पान मागितलं की सर्व्हर '४०४' म्हणतो. वरवर फुकटचं उत्तर. पण वर्डप्रेससारख्या साइटवर ते 'पान सापडलं नाही' असं सांगणारं पानही पीएचपी आणि डेटाबेस चालवून तयार होतं. अशा हजारो रिक्वेस्ट आल्या, की खऱ्या ग्राहकाचं पान अडखळतं.

एन्जिनएक्समध्ये यावर ४४४ हा खास कोड आहे. तो लावला की सर्व्हर एक अक्षरही न पाठवता कनेक्शन तोडतो. वर्म अनेकदा डोमेन नावाऐवजी थेट आयपी पत्त्यावर धडकतो. म्हणून डिफॉल्ट सर्व्हर ब्लॉकमध्ये हा कोड टाकला, की बराच कचरा दारातच थांबतो. अपाचेवर छोटं '४०३' उत्तर देऊन काम भागतं. 'फेल-टू-बॅन' लॉग वाचून तोच पत्ता काही काळ फायरवॉलवर अडवतो.

मात्र नोंद पुसू नका. मुख्य लॉग स्वच्छ हवा असेल, तर या रिक्वेस्ट वेगळ्या फाइलमध्ये वळवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपणं बंधनकारक आहे.

नियम फार ढोबळ लावला, तर पेमेंट गेटवेचा निरोपही कचऱ्यात जाईल. पैसे कापले, ऑर्डर मात्र दिसत नाही, अशी तक्रार मग ग्राहकाकडून येते. त्यामुळे नियम आधी आठवडाभर फक्त नोंद करण्यापुरता चालवून बघावा. शेअर्ड होस्टिंगवर मुख्य कॉन्फिगरेशनला हात लावता येत नाही, तिथे होस्टिंग कंपनीलाच सांगावं लागतं.