पृष्ठभागावरची वीज : ग्वाल्हेरच्या गिरण्यांपासून मनोऱ्यांपर्यंत

पदार्थाच्या आतून वीज किती वाहते हे त्याच्या घडणीवर ठरते. त्याच्या पृष्ठभागावरून किती वाहते हे बहुतेक वेळा हवा ठरवते. काच, चिनी माती, पॉलिएस्टर हे कोरडे असताना उत्तम विद्युतरोधक असतात. पण पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर साचून त्यात थोडे मीठ विरघळले की हाच थर वीज वाहू लागतो. मे महिन्यातली लू आणि जानेवारीतले दाट धुके ही दोन्ही टोके सोसणाऱ्या ग्वाल्हेरला पृष्ठभागाच्या या स्वभावाशी दोनदा सामना करावा लागला. पहिल्यांदा कापडाच्या बाबतीत, दुसऱ्यांदा वीजवाहिन्यांच्या.

बिर्लानगरात १९२१ साली जियाजीराव कॉटन मिल उभी राहिली, तेव्हा प्रश्न सौम्य होता. कापूस हवेतला ओलावा सहज धरतो. ६५ टक्के आर्द्रतेत त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के इतके पाणी त्यात असते आणि घर्षणाने निर्माण झालेला विद्युतभार त्या ओलाव्यातून निघून जातो. २५ ऑगस्ट १९४७ रोजी ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनीची नोंदणी झाली. १९८६ पासून ती ग्रासिम इंडस्ट्रीज या नावाने ओळखली जाते. तिचा पहिला धागा व्हिस्कोस रेयॉनचा. तो तर कापसाहून अधिक, बारा-तेरा टक्के पाणी धरतो. खरी अडचण आली ती पॉलिएस्टरबरोबर. १९६०च्या दशकात ठाण्यात टेरीनचे उत्पादन सुरू झाले आणि सूटिंगच्या कापडात पॉलिएस्टरचे मिश्रण रूढ होत गेले. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के पाणी धरते.

या आकड्यांचा अर्थ त्याआधीच स्पष्ट झाला होता. टेलिफोनच्या तारांवर सूत आणि रेशमाचे वेष्टन असे; पावसाळी हवेत ते वीज गळू देई. म्हणून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मर्फी आणि वॉकर यांनी १९२८ मध्ये सूत, रेशीम व लोकर यांचा विद्युतरोध आर्द्रतेनुसार कसा बदलतो ते मोजले. सुतातला ओलावा दुप्पट झाला की रोध साधारण हजारपट घटतो, असे हे नाते आहे. मँचेस्टरच्या हर्ल यांनी १९५३ मध्ये हे काम इतर तंतूंपर्यंत नेले. वस्त्रविज्ञानातील थोड्याच मोजमापांनी कारखान्याच्या रोजच्या व्यवहाराला इतका थेट आधार दिला असेल.

कृत्रिम धाग्याच्या गिरणीत विद्युतभार साचला की कार्डिंग यंत्रावरची तंतूंची जाळी रुळाला चिकटते, ताण्याचे धागे एकमेकांना दूर ढकलतात, तयार कापड धूळ ओढते. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी उन्हाळी दुपारी बाहेरची आर्द्रता पुष्कळदा २५ टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे तिथे हा त्रास वाढणारच. त्यावर तीन उपाय रुळले. खात्यात पाण्याचे तुषार सोडून हवा दमट ठेवायची. धाग्याला ओलावा धरणारे तेलकट लेपन द्यायचे. यंत्रावर उच्च दाबाच्या पट्ट्या बसवून हवेचे आयनीभवन करायचे. पॉलिएस्टरमध्ये व्हिस्कोस मिसळण्यामागे किंमत आणि स्पर्श ही कारणे होतीच, पण ओलावा धरणारा तंतू सोबत आल्याने विद्युतभारही कमी साचे.

उपाय लागू पडला की नाही हे मोजल्याखेरीज कळत नाही, आणि हे मोजमाप नाजूक असते. कापडाचा तुकडा समकेंद्री धातूच्या कड्यांखाली ठेवून त्यांच्यामध्ये, समजा, १०० व्होल्टचा दाब देतात. रोध दहा लाख कोटी ओह्म असेल तर वाहणारा प्रवाह अवघा १० पिकोअँपिअर असतो. नमुन्याला उघडे बोट लागले तरी घामातल्या मिठाने आकडा बिघडतो. पृष्ठभागाचा रोध ‘प्रति चौरस’ सांगतात, कारण चौरस लहान असो वा मोठा, लांबी व रुंदी सारखीच वाढल्याने त्याचा रोध बदलत नाही. तो दहा हजार कोटी ओह्मच्या वर गेला की पृष्ठभाग विद्युतरोधक समजतात. त्यावर विद्युतभार टिकून राहतो. भारतीय मानकाप्रमाणे कापडाच्या चाचण्या सामान्यतः २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत होतात. मात्र विद्युतभाराची चाचणी याहून कोरड्या हवेत घेणे आवश्यक आहे, नाहीतर सदोष कापडही पास होते. आर्द्रता न नोंदवता दिलेला पृष्ठरोधाचा आकडा निरुपयोगी आहे.

गिरणीत त्रासदायक ठरलेला हाच गुण गाळणीत उपयोगी पडला. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ पाणी धरतच नाही, त्यामुळे त्याच्या तंतूंवर मुद्दाम दिलेला विद्युतभार दीर्घकाळ टिकतो आणि सूक्ष्म कण खेचून घेतो. २०२० मध्ये घरोघरी पोचलेल्या एन-९५ मुखपट्ट्या याच तत्त्वावर चालतात.

वीजवाहिन्यांवर चित्र उलटे होते. तिथे पृष्ठभाग कोरडा राहिलेलाच बरा. ग्वाल्हेर हे बीना–आग्रा मार्गावरील महत्त्वाचे उपकेंद्र. ३० जुलै २०१२ च्या पहाटे देशाच्या उत्तरेचा वीजपुरवठा कोलमडला तो ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडल्यापासून. तो अतिभाराचा परिणाम होता, पृष्ठभागाचा नव्हे. पृष्ठभागाचे संकट हिवाळ्यात येते. वीटभट्ट्या, सिमेंट आणि शेतातली धूळ चिनी मातीच्या तबकड्यांवर बसते, पहाटेच्या धुक्याने ती भिजते आणि गळती सुरू होते. प्रवाहाने काही पट्टे वाळतात, त्यांवर ठिणग्या पडतात आणि अखेर पूर्ण लांबीभर चाप पेटतो. उत्तर भारतात धुक्याच्या रात्री वाहिन्या वारंवार बंद पडल्या त्या यामुळे.

ही धूळ किती घातक आहे हे ठरवण्यासाठी तबकडी शुद्ध पाण्याने धुऊन त्या पाण्याची वाहकता मोजतात आणि ती प्रति चौरस सेंटिमीटर मिठात मांडतात. त्यावरून गळतीचा मार्ग किती लांब हवा ते निश्चित होते. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात सौम्य प्रदूषणासाठी प्रति केव्ही १६ मिलिमीटर, तर अतितीव्र प्रदूषणासाठी ३१ मिलिमीटर अशी श्रेणी होती. धुक्याच्या पट्ट्यांत चिनी मातीऐवजी सिलिकॉन रबराचे विद्युतरोधक बसवले गेले. त्यांच्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन राहते. शिवाय रबरातले हलके रेणू धुळीच्या थरातून वर येऊन तिलाही जलविरोधी करतात. कमाल ४२० केव्हीच्या प्रणालीसाठी अशा विद्युतरोधकाचा गळतीमार्ग १३,०२० मिलिमीटर, म्हणजे तेरा मीटरांहून थोडा अधिक ठेवला जातो.