कोणासाठी हवीय गोळी?

घरात पाळणा हलणार, ही बातमी सर्वांत आधी कोणाला कळते? आईला नाही, सासूला नाही, पुष्कळदा नवऱ्यालाही नाही. ती कळते गल्लीतल्या मेडिकलवाल्याला. बाकीची गिऱ्हाइकं निघून गेल्यावर हळू आवाजात मागितलेलं प्रेग्नन्सी किट कागदात गुंडाळून देतो तो हाच, आणि मग फोलिक अ‍ॅसिडची स्ट्रिप काढून देतो तोही हाच. २०२५ च्या घटस्थापनेची रात्र सरता सरता अमेरिकेतून बातमी येऊन थडकली, की गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉलमुळे मुलांत स्वमग्नता येते असा दावा झाला आहे. तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष बोलले, शास्त्रज्ञ बोलले, डॉक्टर बोलले. औषध प्रत्यक्ष हातात ठेवणाऱ्या या माणसाला मात्र कोणी काही विचारलं नाही.

त्या दाव्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ही गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता वरवर पाहता किंचित जास्त दिसत होती. मग संशोधकांनी सख्खी भावंडं शेजारी ठेवली. आई तीच, एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. तो फरक उरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही दोन दिवसांत सांगितलं, की असा संबंध दाखवणारा ठोस पुरावा नाही. गोळी लागेल तेवढीच आणि कमीत कमी दिवस घ्यावी, हा सल्ला जुनाच आहे. पण तापानं फणफणलेल्या गर्भवतीनं भीतीपोटी ती टाळावी, हे मला साफ चुकीचं वाटतं. तो ताप पोटातल्या बाळालाही सोसावा लागतो.

अशी भीती काय करते, हे अमेरिकेनं पूर्वी एकदा पाहिलं आहे. १९५६ पासून तिथं गरोदरपणातल्या मळमळीवर ‘बेंडेक्टिन’ नावाची गोळी मिळत असे. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, हे तिचे मुख्य घटक. लक्षावधी बायकांनी ती घेतली. पुढं व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांच्या आईबापांनी दावे लावले, भय पसरलं आणि कंपनीनं १९८३ साली उत्पादनच थांबवलं. कोर्टकज्जांचा आणि विम्याचा खर्च झेपेना. गोळी गेली, पण व्यंग असलेल्या बाळांचं प्रमाण काही घटलं नाही. ओकाऱ्यांनी बेजार होऊन इस्पितळात दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. २०१३ साली त्याच दोन घटकांची गोळी नव्या नावानं अमेरिकेत परत आली. मधल्या तीस वर्षांत ज्यांनी पोटात पाणीही न ठरता दिवस काढले, त्यांना ते दिवस कोण परत देणार? आपल्याकडे आज मिळणाऱ्या डॉक्सिनेटमध्येही हीच जोडी असते.

आता आपल्या काउंटरवर या. मला खरी धास्ती आहे ती एका वाक्याची : ‘पॅरासिटामॉल नको, दुसरं काहीतरी द्या.’ हे दुसरं काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनानं २०२० साली दिला. शेवटच्या तिमाहीत आणखी एक धोका असतो. बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायची, ती आतच मिटू लागू शकते. एका तुलनेनं सुरक्षित गोळीला घाबरून बाई खरोखरच धोक्याच्या गोळीकडे वळू शकते, आणि दोन्ही एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या असतात. पुष्कळदा तर एकाच गोळीत असतात. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही आहेत. नावावरून हे कळणार कसं?

त्यात गोळी घ्यायला येतो नवरा, दीर किंवा शेजारचा मुलगा. ‘पाठ दुखतेय, काहीतरी द्या,’ एवढंच तो म्हणतो. पाठ कोणाची, हे तो सांगत नाही आणि गर्दीच्या वेळी दुकानदार विचारत नाही. घोटाळ्याची दुसरी जागा आहे पाळी पुढं ढकलायच्या गोळीची. गौरी-गणपती, नवरात्र, घरचं लग्न आलं की नॉरएथिस्टेरॉनची मागणी ठरलेली. गर्भ असेल तर ही गोळी घ्यायची नसते. पाळी वेळेवर आली होती का, एवढं विचारून आधी पट्टीवर गर्भचाचणी करायला सांगितलं तरी भागतं. पण चार गिऱ्हाइकांसमोर हे विचारणं दुकानदाराला जड जातं, आणि त्याचं उत्तर देणं बाईला त्याहून जड.

नियम आहेत. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. २०१५ च्या नियमावलीत रुग्णाला समजावून सांगणं हेही त्याचंच काम म्हणून लिहिलं आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्ट दुकानात हजर हवाच, असा आग्रह धरला, तेव्हा राज्यातले औषधविक्रेते संपाच्या पवित्र्यात उतरले. भिंतीवर एकाचं प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच पोरगा, हे दृश्य अजून संपलेलं नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला शिकवलंच कोणी?

आणि शिकवायला तर हवंच, कारण औषध देण्याचं काम नुसतं ‘नाही’ म्हणून संपत नाही. फिट येणाऱ्या मुलीला दिवस गेले आणि ती व्हॅल्प्रोएट घेत असेल, तर त्या औषधानं बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग येऊ शकतं. पण ‘हे बंद कर’ असं सांगून तिला घरी पाठवलं, तर फिट येऊन दोघांच्याही जिवावर बेतेल. तिला त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांकडे पाठवायचं आणि तोवर एकही गोळी चुकवू नको म्हणून बजावायचं, हे शिकलेला फार्मासिस्टच करू शकतो.

पाकिटावर १-०-१ लिहायचं पेन प्रत्येक दुकानात असतं. मळमळीची गोळी देताना त्याच पेनानं ‘दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको’ एवढं लिहायला किती वेळ लागतो? आणि पाठीसाठी गोळी आणायला निघालेल्या नवऱ्यानं काउंटरवर पोचताच आधी सांगावं : बायकोला पाचवा महिना आहे.