समाचाराला जाणारे हात

कसबा बावड्यातील एखाद्या घरचा माणूस रुग्णालयात दाखल झाला, की भावकी आणि शेजारीपाजारी समाचाराला निघतात. डबा येतो, शहाळे येते, खाटेच्या कडेवर बसून धीराचे चार शब्द बोलले जातात. या जिव्हाळ्याचे मोल मोठे आहे. परंतु एका रुग्णाला लागलेला हात न धुता दुसऱ्याकडे गेला, तर त्याबरोबर जंतूही जातात आणि बरे होण्यासाठी आलेला मनुष्य नवे दुखणे घेऊन बसतो. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू रुग्णालयांतच विशेष बळावतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या दुखण्याचे गांभीर्य कळते.

हा दोष केवळ नातेवाइकांचा नव्हे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासत असत. सेमेलवाइस यांनी १८४७ च्या मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले. तरीही अनेक सहकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. आपल्याच हातांनी मरण पसरते, हे कबूल करणे कोणालाही जड जाते.

आज नियमांची वाण नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये झाले, २०१६ मध्ये ते नव्याने आले. मलमपट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात, हे ठरलेले आहे. मात्र खाटांजवळ वाहते पाणी व साबण नसेल, एका परिचारिकेवर पेलवणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर भिंतीवरचा फलक काय करणार? हात न धुता आलेल्या वरिष्ठ डॉक्टरांनाही टोकण्याचा अधिकार तिला मिळावयास हवा.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ मध्ये बावड्यातच झाला. त्यांच्या कारकिर्दीत करवीर राज्यात प्लेग पसरला, तेव्हा लोकांना घरेदारे सोडून माळावर राहावे लागले. त्या मानाने आजची मागणी अल्प आहे. समाचाराला एकाच माणसाने जावे, खाटेवर बसू नये, जाताना व येताना हात धुवावेत. रुग्णावरील माया एवढ्याने उणी होणार नाही.