स्लॅबचे घर आणि परवानगीचा कागद

घर ही दलित समाजाच्या आयुष्यात केवळ निवाऱ्याची बाब कधीच नव्हती. ते गावाच्या कोणत्या दिशेला असावे, किती उंच असावे, हे शतकानुशतके इतरांनी ठरविले. म्हणूनच कुडाच्या भिंती, मातीच्या भिंती, पत्रा आणि शेवटी स्लॅब हा आपल्या वस्त्यांतील प्रवास सामाजिक इतिहास म्हणूनही वाचला पाहिजे. नोकरीला लागलेला पहिला मुलगा फंडातून कर्ज काढतो आणि आईबापांसाठी स्लॅब टाकतो. त्या स्लॅबवर चार सळया मोकळ्या सोडलेल्या असतात. पुढच्या पिढीने वर मजला चढवावा, ही इच्छा त्या सळयांत उभी असते.

नेमक्या याच टप्प्यावर कायदा घरात शिरतो. गावाने कुडाच्या घराचा कागद सहसा विचारला नाही. कारण ते घर केव्हाही हलविता येईल, अशीच सर्वांची समजूत होती. सिमेंट-लोखंडाचे घर हलविता येत नाही. ते जमिनीवर कायमचा हक्क सांगते. म्हणून त्याच्यासाठी परवानगी मागितली जाते. ही परवानगी म्हणजे काय, ती कोण देतो आणि ती नसेल तर काय होते, हे समजून घेणे आता आपल्या चळवळीचेही काम झाले आहे. मोर्च्याने अतिक्रमणाची कारवाई एक दिवस थांबते. कागदाने ती कायमची थांबू शकते.

बांधकामाची परवानगी दोन प्रश्नांचे उत्तर मागते. जमीन कोणाची आणि कशासाठी, हा पहिला प्रश्न. बांधलेली वास्तू उभी राहील काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळेच सामान्य माणूस कचेरीत हेलपाटे घालतो.

पहिला प्रश्न आधी घेऊ. शहरात आणि जेथे नियोजन प्राधिकरण आहे तेथे 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' लागू होतो. त्याच्या कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो आणि कलम ४५ खाली प्राधिकरण परवानगी देते किंवा नाकारते. नाकारली तर कारणे लेखी द्यावी लागतात. साठ दिवसांत काहीच कळविले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. पण येथे एक अट विसरता कामा नये. आपला नकाशा विकास आराखड्याशी व नियमांशी जुळणारा असेल, तरच ही मानीव परवानगी टिकते. नकाराविरुद्ध चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. मिळालेले प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते. काम सुरू झाले नाही तर मुदत संपण्यापूर्वी ते वाढवून घ्यावे लागते.

गावठाणातील घराची परवानगी 'ग्रामपंचायत अधिनियम, १९५८' च्या कलम ५२ खाली येते. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर घर बांधायचे तर जमिनीचा वापर बिनशेती व्हावा लागतो. हा रस्ता पूर्वी फार लांबचा होता. २०१४ नंतर जमीन महसूल संहितेत अनेक दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतील जमीन ठरलेला कर भरल्यावर निवासी वापरासाठी बिनशेती मानण्याची सोय केली. बहुसंख्य दलित वस्त्या नेमक्या या पट्ट्यात आहेत. तरीही या तरतुदीची माहिती वस्तीपेक्षा भूखंड पाडून विकणाऱ्यांना अगोदर मिळाली, हे आपण पाहिलेच आहे.

२ डिसेंबर २०२० रोजी शासनाने मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळून साऱ्या राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. लहान घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यात एक महत्त्वाची सवलत आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नेहमीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मालकीचा कागद, जागेचा व घराचा नकाशा आणि 'हा नकाशा नियमांनुसार आहे' असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला जोडून शुल्क भरले की ती पावतीच परवानगीचे काम करते. दीडशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी दहा दिवसांची मुदत आहे. दीडशे चौरस मीटर म्हणजे सुमारे सोळाशे चौरस फूट. आपल्या वस्तीतील बहुतेक घरे यात सहज बसतात.

मग अडते कोठे? सवलतीच्या यादीतील पहिल्याच शब्दावर. 'मालकीचा कागद' या शब्दावर.

येथे इतिहास वर्तमानाचा दरवाजा अडवून उभा राहतो. महारवतनाच्या जमिनी आपल्याला मिळाल्या त्या गावकीच्या राबणुकीच्या बदल्यात. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. कारण ते वतन म्हणजे गुलामीची पावती आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने ही वतने संपली. साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. मात्र त्या परत आल्या नव्या, अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून त्या विकता येत नाहीत, वाटून घेता येत नाहीत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते ते अशा शर्तींमुळे. ही अट जमीन धनदांडग्यांच्या घशात जाऊ नये म्हणून घातली गेली आणि तिने काही जमिनी वाचविल्याही. पण त्याच अटीमुळे चार भावांपैकी धाकट्याला आपल्या वाट्यावर घर बांधताना स्वतंत्र कागद मिळत नाही. त्याला आधी मंजुरी, मग नजराणा आणि त्यानंतर नकाशा, असा उलटा जिना चढावा लागतो. संरक्षण आणि अडवणूक एकाच नोंदीत नांदतात. म्हणून अट सरसकट रद्द करा असे म्हणण्यापूर्वी, स्वतःच्या घरापुरती मंजुरी तालुक्याच्या पातळीवर व नजराण्यावाचून द्या, ही मागणी अधिक विचाराची ठरेल.

कागदांबाबत आणखी एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा म्हणजे मालकी, असे लोक मानतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी भरली म्हणून जमीन आपली होत नाही. वीजबिल भरले म्हणूनही होत नाही. शहरातही महानगरपालिका विनापरवाना घराला कर लावते, त्यावर दुप्पट शास्ती लावते आणि तरीही ते घर अधिकृत ठरत नाही. माझ्या वर्गातील अनेक विद्यार्थी घरचा 'उतारा' म्हणून हाच कागद दाखवितात. मालकी दाखविणारे कागद निराळे असतात: शेतजमिनीचा सातबारा, गावठाण वा शहरातील मिळकतपत्रिका आणि भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. पण मोजणी गावठाणाची आहे. जी वस्ती गावठाणाच्या रेषेबाहेर वाढली, तिच्यावरून ड्रोन उडाला तरी पत्रिका मिळेलच असे नाही. आपली वस्ती रेषेच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न ग्रामसभेत विचारून त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले पाहिजे.

गायरानावरील घरांचा प्रश्न याहून बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्याच्या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. हा निकाल आपल्याविरुद्ध नेहमी वाचून दाखविला जातो. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेनुसार पट्टा दिलेला असेल, तर अशा प्रकरणी नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. तेव्हा निकालाचा अर्धाच भाग वाचणाऱ्याला उरलेला अर्धा वाचून दाखविता आला पाहिजे. त्यासाठी आपले कागद जपलेले हवेत: जुना पट्टा, जुन्या पावत्या, मतदारयादीतील नोंद. हे कागद मालकी देत नाहीत. पण वास्तव्याचा काळ सिद्ध करतात.

आता दुसरा प्रश्न. घर उभे राहील काय? या प्रश्नाला आपल्यातील शिकलेली माणसेही कागदी उपचार समजतात. ते धोक्याचे आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ एक विनापरवाना इमारत कोसळली. वर मजले चढत होते आणि खाली माणसे राहत होती. ७४ जण मेले. त्यांत बांधकामावरचे मजूर आणि त्यांची मुलेही होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे माणसांवर पडली. त्यानंतर लोकांचा विश्वास स्लॅबवर बसला. पण २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या अनेक इमारतीही पडल्या. काँक्रीट हा शब्द माणसाला वाचवीत नाही. नीट केलेले काँक्रीट वाचविते.

नीट म्हणजे काय, हे भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये लिहिले आहे. लोखंडी सळया घातलेल्या कामाला किमान एम-२० प्रतीचे काँक्रीट हवे. त्यासाठी ५० किलोच्या एका पोत्याला ३० लिटरच्या वर पाणी घालू नये. माल सरकावा म्हणून पाणी वाढविले की ताकद घटते. सळई बाहेरून दिसता कामा नये: पायात ५० मिलिमीटर, कॉलमला साधारण ४० आणि स्लॅबला किमान २० मिलिमीटर आवरण हवे. साध्या सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या कामावर दहा दिवस पाणी मारावे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांपूर्वी काढू नयेत. टेकू भाड्याचे असतात, म्हणून सेंट्रिंगवाला घाई करतो. त्याचे दोन दिवसांचे भाडे आणि आपल्या घराचे आयुष्य यांचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

यातील एकही गोष्ट आपल्या माणसाला नवी नाही. शहरांच्या टोलेजंग इमारतींत पाटी वाहणारे, सळया बांधणारे, स्लॅबवर पाणी मारणारे हात मोठ्या संख्येने आपलेच आहेत. जी माणसे दुसऱ्यांची घरे मानकांप्रमाणे बांधतात, त्यांच्या स्वतःच्या घराला अभियंत्याची सही नसते. हा अज्ञानाचा प्रश्न नाही. ज्ञान हातात आहे आणि सही दुसऱ्याच्या टेबलावर आहे, हा प्रश्न आहे. म्हणूनच अभियंत्याच्या सहीला केवळ खर्च समजू नये. परवान्यासाठी नकाशा काढला की कॉलम कोठे, सळई किती, वर मजला चढेल की नाही, हे कागदावर येते. मोकळ्या सोडलेल्या त्या चार सळयांना खालचा पाया पेलणार आहे काय, हे त्या कागदावरूनच कळते. शिवाय वरच्या मजल्यासाठी नवी परवानगी लागते. जुनी चालत नाही.

परवाना मिळाल्यावरही काम संपत नाही. शहरात जोत्यापर्यंत काम आले की तशी सूचना द्यावी आणि घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. हा शेवटचा कागद पुष्कळजण घेत नाहीत. पुढे कर्ज काढताना किंवा घर वारसांच्या नावे करताना तोच आडवा येतो. ज्यांनी गुंठेवारीत जागा घेतली, त्यांच्यासाठी २००१ चा नियमितीकरण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. ती सवलत आपोआप मिळत नाही. अर्ज करावाच लागतो.

शिक्षणाने आपल्याला अर्ज लिहिता येऊ लागला, ही लहान गोष्ट नाही. आता प्रत्येक वस्तीत दोन-तीन शिकलेल्या मुलांनी एवढेच काम हाती घ्यावे: घरोघरचे उतारे एका वहीत नोंदवावेत, कोणाची जमीन वर्ग एक, कोणाची वर्ग दोन, कोण गावठाणात, कोण गायरानावर, हे लिहावे आणि प्रत्येक अर्जाची पोच तारखेसह जपावी. साठ दिवसांची मुदत पोचेच्या तारखेपासून मोजायची असते. पोच नसेल तर मुदतही नसते, आणि मुदत नसेल तर कचेरीला उत्तर देण्याची घाईही नसते.